तो पैसे खात नव्हता

पोलिसाची सचोटी पारखायची आपल्याकडे एक चाचणी ठरून गेली आहे. एखाद्या अधिकाऱ्याविषयी चौकशी केली, की उत्तर येते, "माणूस कडक आहे, पण पैसे खात नाही." या वाक्यातल्या 'कडक' या शब्दाच्या पोटात काय काय मावते, हे कोणी विचारत नाही. थप्पड मावते, पट्टा मावतो, रात्रभर भिंतीशी उभे करणे मावते, आणि प्रसंगी कोठडीतून सकाळी बाहेर न येणारा एखादा माणूसही मावतो. वाक्याचा दुसरा भाग पहिल्या भागाचे पाप धुऊन काढतो, आणि ऐकणारा समाधानाने मान डोलावतो. ही चाचणी मला घातक वाटते. का, ते सांगण्यासाठी मी पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन चित्रपटाचा आधार घेणार आहे, कारण लाच न घेणाऱ्या पोलिसाचा भ्रष्टाचार कसा असतो, हे इतक्या बारकाईने दाखवणारी फार थोडी चित्रे माझ्या पाहण्यात आहेत. त्यासाठी चित्रपटाची गोष्ट शेवटापर्यंत सांगावी लागेल.

चित्रपटाचे नाव 'व्हेअर द साइडवॉक एन्ड्स'. तो जुलै १९५० मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर, पटकथाकार बेन हेक्ट, प्रमुख भूमिकांत डॅना अँड्र्यूज आणि जीन टिअर्नी. प्रेमिंजर मूळचा व्हिएन्नाचा, कायद्याची पदवी घेतलेला, आणि एका सरकारी वकिलाचा मुलगा. हेक्ट तरुणपणी शिकागोत बातमीदारी करून आलेला. एकाला न्यायालय घरातून ठाऊक होते, दुसऱ्याला पोलीसठाणे पोटाच्या उद्योगातून. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच समीक्षकांनी ज्या अमेरिकन चित्रपटांना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले, त्या कुळातला हा आहे: रात्र, ओले रस्ते, आणि ज्याला नायक म्हणावे की नाही असा प्रश्न पडावा असा माणूस. श्रेयनामावली न्यूयॉर्कच्या फूटपाथवर खडूने लिहिलेली दिसते आणि तिच्यावरून पावले चालत जातात. फूटपाथ संपतो तिथे गटार लागते, हे शीर्षकाने आधीच सुचवून ठेवलेले असते.

मार्क डिक्सन हा डिटेक्टिव्ह आहे. संशयितांना मारहाण केल्याच्या इतक्या तक्रारी त्याच्यावर आल्या आहेत, की चित्रपटाच्या सुरुवातीलाच इन्स्पेक्टर फोली त्याला बोलावून घेतो आणि त्याचा दर्जा खाली उतरवतो. डिक्सनला यात अन्याय वाटतो. आपण गुंडांना हात लावतो, सभ्य माणसांना नाही, असे त्याचे म्हणणे. त्याच रात्री टॉमी स्कॅलीझी नावाच्या टोळीप्रमुखाच्या जुगाराच्या अड्ड्यावर एका श्रीमंत पाहुण्याचा खून होतो आणि स्कॅलीझी तो केन पेन नावाच्या दुसऱ्या माणसावर ढकलतो. डिक्सन पेनला गाठायला त्याच्या खोलीवर जातो. पेन दारू प्यालेला आहे. तो आधी हात उगारतो, डिक्सन परतून ठोसा मारतो, पेन पडतो आणि उठत नाही. थोड्याच वेळात डिक्सनला कळते, की पेन युद्धात पराक्रम गाजवून आलेला सैनिक होता आणि डोक्याच्या जखमेमुळे त्याच्या कवटीत चांदीची पट्टी बसवलेली होती.

इथे डिक्सनपुढे दोन वाटा आहेत. फोन उचलून ठाण्याला कळवायचे, किंवा लपवायचे. त्याच दिवशी दर्जा उतरवला गेला आहे, तक्रारींचा ढीग टेबलावर आहे, आणि 'तो आधी अंगावर आला' यावर आपल्या तोंडून कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला समजते. याआधीच्या प्रत्येक मारहाणीने त्याच्या शब्दाची किंमत थोडी थोडी कमी केलेली आहे. आज तो खरे सांगू शकला असता, पण ते खरे मानले जाण्याची सोय त्यानेच स्वतःच्या हातांनी बंद केली आहे. तेव्हा तो पेनचे सोंग घेऊन, चेहऱ्यावर पट्टी चिकटवून, हातात बॅग घेऊन बाहेर पडतो आणि टॅक्सीने रेल्वे स्टेशन गाठतो, म्हणजे पेन शहर सोडून गेला असे साक्षीदारांनी सांगावे. नंतर प्रेत नदीत टाकतो.

या संपूर्ण व्यवहारात एका डॉलरचीही देवघेव नाही. आणि हा चित्रपट ज्या न्यूयॉर्कमध्ये घडतो, तिथल्या पोलिसांना त्याच वर्षी पैशांचा डाग लागला होता. प्रदर्शनानंतर दोनेक महिन्यांत ब्रुकलिनमधला बेटिंगवाला हॅरी ग्रॉस पकडला गेला, त्याच्याकडून पोलिसांना जाणाऱ्या हप्त्यांची साखळी उघडी पडू लागली आणि पोलीस आयुक्तांना पद सोडावे लागले. महापौर विल्यम ओड्वायर यांनी तर त्याआधीच, ऑगस्टअखेर, राजीनामा दिला होता. शहर हप्त्यांवर संतापले. तो संताप योग्यच होता. पण हप्ता घेणारा पोलीस आणि डिक्सन यांची तुलना केली, तर मला डिक्सन अधिक अवघड वाटतो. हप्तेखोराला आपण चोर आहोत हे ठाऊक असते. तो लपतो, हिशेब ठेवतो, पकडला गेला की वर मान करून बोलत नाही. डिक्सनला मात्र आपण चोरांचा शत्रू आहोत असे वाटत असते, आणि लोकांनाही तसेच वाटते. ज्याची स्वतःविषयीची खात्री पैशाने डागाळलेली नाही, त्याला थांबवायला आतून काहीच उरत नाही.

चांदीच्या पट्टीकडे मला परत वळले पाहिजे, कारण तिथे चित्रपट आपल्याशी थोडी लबाडी करतो. पेन हा बायकोला मारणारा, दारुडा, जुगाऱ्यांच्या मागे फिरणारा माणूस दाखवला आहे. हात आधी तोच उगारतो. आणि मरतो तो ठोशापेक्षा जुन्या जखमेमुळे. डिक्सनविषयी आपली सहानुभूती टिकून राहावी म्हणून पटकथेने मृताची बाजू इतक्या काळजीने हलकी केली आहे, की त्याच्यासाठी चित्रपटात कोणी रडतही नाही. मला या ठिकाणी नेहमी अस्वस्थ वाटते. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचणाऱ्या कोणालाही ही चांदीची पट्टी ओळखीची वाटेल. त्याला हृदयविकार होता. त्याला फिट येत होती. तो नशेत होता. तो पळताना पडला. त्याच्यावर आधीचे गुन्हे होते. यातले एखादे कारण एखाद्या वेळी खरेही असते. परंतु अशक्त माणूस ताब्यात असेल, तर त्याला हात न लावण्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. आणि मृताचे चारित्र्य हा त्याच्या मृत्यूच्या चौकशीतला पुरावा असूच शकत नाही. चित्रपटाने पेनला एखादी आई दिली असती, एखादा भाऊ दिला असता, तर डिक्सनचे दुःख पाहणे आपल्याला इतके सोपे गेले नसते.

मात्र पुढचा भाग पाहताना चित्रपटाचे मोठेपण कळते. पेन सापडत नाही म्हणून त्याला शोधायला ठाण्यातून पाठवले जाते ते डिक्सनलाच. ज्याने मारले, तोच शोध घेतो. आणि तपास सुरू होतो तो एका प्रामाणिक माणसाच्या हातून. नव्याने आलेला लेफ्टनंट थॉमस (ही भूमिका कार्ल माल्डनने केली आहे) कोणाचा मिंधा नाही, आळशी नाही, कोणाला मारत नाही. तो जागा पाहतो, शेजाऱ्यांच्या जबान्या घेतो, वेळा जुळवतो, आणि त्याच्या तर्काने एका निष्पाप माणसापर्यंत पोचतो. हा माणूस म्हणजे जिग्ज टेलर, पेनच्या पत्नीचा, मॉर्गनचा बाप, पेशाने टॅक्सीवाला. जावयाने मुलीला मारले हे कळल्यावर तो संतापून त्याच रात्री पेनच्या घरी गेला होता. कारण आहे, राग आहे, जागेवरची उपस्थिती आहे. कोणत्याही तपास अधिकाऱ्याने त्याच्यावर बोट ठेवले असते.

माझ्या मते चित्रपटाचा गाभा इथे आहे. ठाण्यातले सगळे प्रामाणिक आहेत आणि तरीही एक निरपराध माणूस खुनाच्या आरोपाखाली आत जातो, कारण त्यांच्यापैकी एकाने एकच गोष्ट लपवली आहे. पुरावा खोटा रचायला नेहमी टोळी लागते असे नाही. एका माणसाचे मौन पुरेसे असते. उरलेले काम बाकीच्यांची कर्तव्यदक्षता करते. थॉमस जितका हुशारीने तपास करतो, तितका टेलर अधिक अडकत जातो. या टेलरने पूर्वी एकदा गुन्हेगाराचा पाठलाग करणाऱ्या डिक्सनला आपल्या टॅक्सीने मदत केलेली आहे आणि त्याबद्दल पोलिसांकडून मिळालेल्या प्रशस्तिपत्राचा त्याला अभिमान आहे. पोलिसांवर विश्वास ठेवणारा नागरिकच पोलिसाच्या मौनाखाली चिरडला जातो. हे दाखवताना प्रेमिंजरचा कॅमेरा कोणावरही आरोप करत नाही. तो डिक्सनच्या चेहऱ्यावर थांबतो, आणि डॅना अँड्र्यूजचा तो मिटलेला, जबडा आवळलेला चेहरा आपल्याला बघवत नाही.

'आपल्याच माणसाचा तपास आपल्याच ठाण्याने करायचा नाही' हा नियम कोणा तत्त्वज्ञाच्या हट्टातून आलेला नाही, हे इथे समजते. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात पोलिसांशी झालेल्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली. त्यांतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये निकाल दिला आणि चकमकीतल्या मृत्यूच्या चौकशीसाठी १६ सूचना घालून दिल्या. त्यांपैकी एक अशी, की तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा. दुसरी अशी, की घटनेनंतर लगेच संबंधित अधिकाऱ्याला वेळेआधी बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. त्याचे शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच ते द्यावे. ही दुसरी सूचना वाचताना मला दरवेळी या चित्रपटातला शेवटचा प्रसंग आठवतो. त्याकडे मी येणारच आहे.

आधी 'कडकपणा' या शब्दाचा इतिहास पाहू, कारण तो नवा नाही आणि फक्त आपला नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी १९२९ मध्ये नेमलेल्या विकरशॅम आयोगाने १९३१ मध्ये पोलिसांच्या बेकायदेशीर वर्तनावर स्वतंत्र खंड प्रसिद्ध केला आणि 'थर्ड डिग्री' ही सरसकट चाललेली पद्धत आहे हे नोंदवले. १९३६ मध्ये मिसिसिपीतल्या तीन कृष्णवर्णीय शेतमजुरांना चाबकाने फोडून काढून घेतलेले कबुलीजबाब अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. म्हणजे डिक्सन पडद्यावर आला तेव्हा त्याचे ठोसे कायद्याने केव्हाच निषिद्ध ठरलेले होते. लोकांच्या मनात मात्र ते रूढच होते. आपल्याकडे ही जाणीव त्याहून जुनी आहे. मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीचा अहवाल १८५५ चा आहे, आणि पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, हे कलम १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. २०२३ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. परक्या सरकारलासुद्धा आपल्याच पोलिसांविषयी इतका अविश्वास कायद्यात लिहून ठेवावा लागला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा केला, ज्याला आपण मोक्का म्हणतो, तेव्हा या जुन्या तटबंदीला एक दार पाडले: अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब ग्राह्य ठरला. यामागे टोळीयुद्धाने भाजलेल्या शहराची खरी गरज होती हे मी नाकारत नाही. पण या दारामागचा विश्वास तोच आहे: वरचा अधिकारी, पैसे न खाणारा अधिकारी, हात उचलणार नाही.

डिक्सनच्या समर्थकांचा युक्तिवाद मी हलका लेखत नाही. खटले वर्षानुवर्षे रखडतात, साक्षीदार फुटतात, पैसेवाला गुन्हेगार जामिनावर बाहेर येऊन फिर्यादीच्या दारात उभा राहतो. ज्याच्या घरावर आपत्ती आली आहे, त्याला कायद्याच्या कलमांची शिकवण देणे हा निर्दयपणा आहे. आणि ज्या शिपायाला सलग सण, मोर्चे, बंदोबस्त यांत उभे राहावे लागते, ज्याच्याकडे तपासाला पुरेसा वेळ नाही, माणसे नाहीत, न्यायवैद्यक अहवाल महिनोन्महिने येत नाही, त्याच्या हाती लवकर फळ देणारे एकच साधन उरते, ते म्हणजे त्याचा हात. हे सगळे खरे आहे. पण हे साधन फळ देते का? चित्रपटाने या प्रश्नाचे उत्तर भाषण न करता, कथानकातूनच दिले आहे. डिक्सन वर्षानुवर्षे स्कॅलीझीच्या मागे आहे, त्याच्या माणसांना बडवतो आहे, आणि स्कॅलीझी आरामात मोकळा फिरतो आहे. अड्ड्यावरच्या खुनाविषयी बोलू शकेल असा एक माणूस होता, तो पेन. त्याला डिक्सनने कायमचे गप्प केले. स्कॅलीझीला जे करता आले नसते, ते त्याच्या सर्वांत कट्टर शत्रूने एका ठोशात करून दिले. मारझोडीने गुन्हेगाराला जरब बसते असे म्हणणाऱ्यांनी या वळणाचा विचार करावा. मारलेला माणूस खरे बोलत नाही, थांबवण्यापुरते बोलतो. आणि मेलेला माणूस साक्ष देत नाही.

आता अपराधभावनेविषयी. डिक्सन स्वतःला क्षमा करत नाही, हे चित्रपट फार हळुवारपणे दाखवतो. टेलरसाठी चांगला वकील मिळावा म्हणून तो पैशांची जमवाजमव करतो. त्याचा सहकारी क्लाइन गरीब आहे, क्लाइनच्या पत्नीला डिक्सन मुळीच आवडत नाही, तरी ती दागिने गहाण टाकून रक्कम उभी करते. डिक्सन मॉर्गनच्या प्रेमात पडतो, म्हणजे ज्या बाईच्या नवऱ्याला त्याने मारले आणि जिचा बाप त्याच्यामुळे तुरुंगात आहे, तिच्याच. तो जितका चांगला वागतो, तितके त्याचे वागणे असह्य होते. कारण या सगळ्या चांगुलपणाच्या बदल्यात त्याला एकच वाक्य बोलावे लागले असते आणि तेवढे तो बोलत नाही. वकिलाची फी देणे, पोराबाळांची काळजी घेणे, मृताच्या घरी गुपचूप मदत पोचवणे यांना आपण प्रायश्चित्त म्हणतो. टेलर मात्र अजून कोठडीत असतो. मनाला टोचणी लागणे ही माणूसपणाची खूण आहे, तिचा मी आदर करतो. पण टोचणीने टेलरच्या कोठडीचे कुलूप उघडत नाही. ते उघडते फक्त सांगितलेल्या सत्याने.

डिक्सनच्या रागाचे मूळ चित्रपट त्याच्या बापात शोधतो. बाप स्वतः गुन्हेगार होता, स्कॅलीझीच्याच धंद्याच्या मुळाशी होता. आणि मुलगा आयुष्यभर आपण बापासारखे नाही हे इतरांच्या हाडांवर सिद्ध करत राहिला. हे स्पष्टीकरण वाचून मराठी वाचकाला 'अर्धसत्य' आठवला नाही तरच नवल. गोविंद निहलानींचा तो १९८३ चा चित्रपट श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवर आधारलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि त्याच्या मध्यभागी दिलीप चित्र्यांची कविता. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकरही पैसे खाणारा नाही. त्याचा बाप पोलिसात हवालदार होता आणि घरात हात उगारणारा होता. वेलणकराच्या मारहाणीत कोठडीत एक किरकोळ चोर मरतो. इथपर्यंत दोन्ही वाटा समांतर आहेत, आणि मग त्या फुटतात. डिक्सन एकटा लपवतो. त्याचे वरिष्ठ अनभिज्ञ आणि स्वच्छ आहेत. वेलणकराला वाचण्यासाठी ज्याच्या दारात जावे लागते तो रामा शेट्टी हा गुंड आहे, म्हणजे तोच माणूस ज्याला धरण्यासाठी त्याने वर्दी झिजवली. पैसे न खाता केलेला गुन्हा लपवायला गेले, की पैसे खाणाऱ्यांच्या दारातच उभे राहावे लागते. हे तेंडुलकरांना न्यूयॉर्कच्या पटकथेपेक्षा अधिक नेमके कळले होते, असे माझे मत आहे. कडक पण स्वच्छ पोलीस ही जोडी फार काळ टिकत नाही, कारण कडकपणाचे मोल कधीतरी स्वच्छतेतूनच चुकवावे लागते. आणि तरीही दोन्ही चित्रपटांत मला एकच उणीव सलते. कोठडीत मेलेल्या त्या चोराचे घर आपण 'अर्धसत्य'मध्येही पाहत नाही. दुःखाचा हक्क दोन्हीकडे पोलिसाला मिळाला आहे.

म्हणून मला वाटते, की कायद्याने पोलिसाच्या सदसद्विवेकावर विसंबून राहता कामा नये. १९९३ पासून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा आदेश आहे, की कोठडीतला मृत्यू २४ तासांत कळवावा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे बंधनकारक केले. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातल्या नंतरच्या दुरुस्तीने कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दिली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रीकरण १८ महिने जपून ठेवण्यास सांगितले. कागदावर इतके सगळे असताना एक मोठी फट उघडी आहे: छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि पुढे मुदत संपून बाद झाले. विधी आयोगाने २०१७ मध्ये पुन्हा तशी शिफारस केली. हा कायदा व्हायला हवा, आणि त्यात कोठडीत झालेल्या जखमेचा खुलासा देण्याचा भार ज्याच्या ताब्यात माणूस होता त्याच्यावर हवा. या शेवटच्या तरतुदीला विरोध होतो तो प्रामाणिक अधिकाऱ्यांना त्रास होईल म्हणून. पण थॉमससारख्या प्रामाणिक अधिकाऱ्याचाच तिच्यात सर्वांत मोठा लाभ आहे. डिक्सनच्या मौनाने त्याच्याही हातून अन्याय करवून घेतला होता, त्याला न विचारता.

आता तो शेवट. डिक्सन सगळे खरे एका पत्रात लिहितो, आपल्या मृत्यूनंतर उघडावे म्हणून ते फोलीच्या नावे ठेवतो, आणि स्कॅलीझीने आपल्याला मारावे, मग त्या खुनासाठी तरी तो फासावर जावा, अशा इराद्याने त्याच्या अड्ड्यावर जातो. म्हणजे खरे बोलायचे ते मेल्यावर, जेव्हा प्रश्न विचारणाऱ्याला समोर कोणी उरणार नाही. ते घडत नाही. तो वाचतो, टोळी पकडली जाते, संशयाचा रोख स्कॅलीझीकडे वळतो आणि टेलरची सुटका होते. फोली खूश आहे. तो डिक्सनला बढती देऊ करतो आणि न उघडलेले पत्र त्याच्या हाती परत देतो.

या क्षणी कोणाचेही काही अडलेले नाही. निरपराध माणूस बाहेर आला आहे, प्रेयसी शेजारी उभी आहे, वरिष्ठांची मर्जी परत मिळाली आहे, आणि जो खून केला नाही त्याचा डाग ज्याच्यावर पडणार तो स्कॅलीझी आहे, ज्याने दुसरा खून खरोखर केला आहे. 'तो नाहीतरी गुन्हेगारच आहे' हे वाक्य त्या खोलीत कोणी उच्चारत नाही, पण ते हवेत आहे. सगळ्यांना आनंदाने घरी जाता येईल. त्या काळी हॉलिवूडच्या चित्रपटांवर जी आचारसंहिता लागू होती, तिच्यानुसार गुन्ह्याला शिक्षा दाखवावीच लागे, तेव्हा कबुली येणार हे जाणकार प्रेक्षकाला ठाऊक असते. तरीही प्रेमिंजर ती कबुली संहितेच्या हाती देत नाही. डिक्सन पत्र खिशात घालत नाही. ते फोलीला परत देऊन उघडून वाचायला सांगतो. फोली पाकीट फोडतो, आणि ज्याने एका मिनिटापूर्वी बढती देऊ केली होती, त्याच अधिकाऱ्याला त्याला अटक करण्याचा हुकूम द्यावा लागतो.